न मानणाऱ्याची प्रदक्षिणा

ऑस्ट्रेलियात शिकायला गेलेला विद्यार्थी पहिल्या वर्षी फारसा फिरत नाही. विद्यापीठाची फी, खोलीचं भाडं आणि पंधरवड्याला ४८ तासांच्या मर्यादेत मिळेल ते काम यांचा मेळ बसेपर्यंत वर्ष सरतं. मग सत्र संपल्याची मोठी सुट्टी येते, चार मित्र मिळून गाडी भाड्याने घेतात आणि सगळेच पाहतात ती ठिकाणं एकेक करून पाहिली जातात. मेलबर्नजवळून निघणारा ग्रेट ओशन रोड, केर्न्सच्या समुद्रातले प्रवाळ, टास्मानिया, आणि पैसे साठले तर खंडाच्या मध्यभागी वाळवंटात उभा असलेला तांबडा खडक, उलुरू. बाकी ठिकाणी पाहणं आणि परतणं एवढंच असतं. उलुरूला मात्र विचार करणाऱ्या विद्यार्थ्यापुढे एक धार्मिक प्रश्न उभा राहतो. २६ ऑक्टोबर २०१९ पासून त्या खडकावर चढायला बंदी आहे. तिथल्या अनंगू लोकांना तो पवित्र आहे, हे तिचं मुख्य कारण. बंदीने कायद्याचा प्रश्न मिटला, पण विचाराचा नाही. ज्याचा अनंगूंच्या पूर्वजकथांवर विश्वास नाही, ज्याच्या लेखी तो वालुकाश्माचा एक डोंगर आहे, त्याने त्याचं पावित्र्य का पाळावं? आणि पाळलं, तर तो आदर म्हणायचा, नुसता शिष्टाचार म्हणायचा, की सरळ ढोंग? न मानणाऱ्यानेही ते पाळावं, आणि विवेकाला सोडून नव्हे तर विवेकाच्याच आधारे पाळावं, असं माझं म्हणणं आहे. मात्र या म्हणण्याला एक अट आहे. ती अट मराठी माणसाने तरी नीट पारखून घ्यायला हवी, कारण आपल्या सुधारणेचा सगळा इतिहास वरवर पाहता या म्हणण्याच्या विरुद्ध उभा आहे.

आधी घडलं काय ते पाहू. १८७३ साली विल्यम गॉस हा भूमापक उंटांचा तांडा घेऊन या खडकापाशी पोहोचला. साउथ ऑस्ट्रेलियाच्या तेव्हाच्या मुख्य सचिवाचं, हेन्री एअर्सचं, नाव त्याने खडकाला दिलं आणि कामरान नावाच्या अफगाण उंटवाल्याला बरोबर घेऊन तो वर चढला. पुढे पर्यटन वाढलं. १९६४ मध्ये चढणाऱ्यांना धरायला खडकात खांब रोवून साखळी बसवली गेली. २६ ऑक्टोबर १९८५ रोजी सरकारने ही जमीन अनंगूंना परत केली आणि त्याच दिवशी राष्ट्रीय उद्यानासाठी ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने पुन्हा घेतली. चढाई बंद करण्याचं आश्वासन आधी दिलेलं होतं, प्रत्यक्षात ती चालूच राहिली. मग अनंगूंनी आपल्या हातात होतं तेवढं केलं. पायथ्याशी फलक लावला: आमची विनंती आहे, चढू नका. ही नुसती विनंती होती, कोणी अडवत नव्हतं, दंडही नव्हता. तरी वर्षागणिक चढणाऱ्यांचं प्रमाण घटत गेलं. २०१० च्या व्यवस्थापन आराखड्यात चढाई बंद करण्यासाठी ज्या कसोट्या ठरल्या, त्यांतली एक म्हणजे चढणाऱ्यांचं प्रमाण २० टक्क्यांच्या खाली जाणं. ते गेलं आणि २०१७ मध्ये उद्यानाच्या मंडळाने, ज्यात अनंगूंचं बहुमत आहे, एकमताने निर्णय घेतला. बंदीचा दिवस जवळ आला तशी मात्र साखळीपाशी लांबच लांब रांग लागली.

या हकीकतीतली मला सर्वात मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे १९८५ ते २०१९ ही चौतीस वर्षं. त्या काळात हजारो माणसं तिथे आली, त्यांनी फलक वाचला, साखळी समोर होती, मनाई नव्हती, आणि ती चढली नाहीत. अनंगूंच्या श्रद्धेत त्यांतला क्वचितच कोणी सहभागी असेल. म्हणजे श्रद्धेशिवाय संयम शक्य आहे हे तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात सिद्ध होण्याआधी त्या वाळवंटात सिद्ध झालं. शेवटच्या महिन्यांतली रांगही तितकीच बोलकी आहे. ‘आता मिळणार नाही’ एवढ्याच कारणाने जे हवंसं होतं, त्या इच्छेला ज्ञानाची ओढ म्हणता येत नाही.

या संयमाला ढोंग म्हणणारा विचारतो, की जे खरं मानत नाही ते खरं असल्यासारखं वागणं हा अप्रामाणिकपणा नाही का? या आक्षेपात एक गल्लत आहे. अनंगू पाहुण्याकडे श्रद्धा मागत नाहीत, वागणूक मागतात. त्यांचा चुकुर्पा हा बाहेरच्याने स्वीकारावा असा पंथ नाही. त्यात धर्मांतर नाही, प्रचार नाही. पूर्वजांनी भूमी कशी घडवली त्या कथा, नात्यागोत्यांचे नियम, पाण्याच्या आणि अन्नाच्या जागांचं ज्ञान, कोणी कशाची राखण करायची याची वाटणी, हे सगळं त्यात एकत्र आहे. ते त्या जमिनीचं आहे आणि त्या जमिनीच्या माणसांचं आहे. चढाईचा मार्ग ‘माला’ नावाच्या पूर्वजांच्या वाटेवरून जातो, हे न चढण्याचं एक कारण. दुसरं कारण बाहेरच्यांच्या क्वचितच लक्षात येतं. आपल्या भूमीवर आलेल्या पाहुण्याचं काही बरंवाईट झालं तर त्याचा भार अनंगू स्वतःवर मानतात. १९५० च्या दशकापासून या चढाईत किमान ३५ माणसं दगावली. तो खडा चढ आणि तिथलं ऊन यांनी घेतलेल्या प्रत्येक बळीचा शोक अनंगूंनी स्वतःचा मानला. पूर्वजांवर विश्वास नसलेल्या माणसालाही हे दुसरं कारण पूर्ण कळू शकतं. त्यासाठी त्याला आपल्या विवेकबुद्धीतला कणभर भागही बाजूला ठेवावा लागत नाही.

१९५५ मध्ये कांचनगंगेवर पहिल्यांदा पोहोचलेले जॉर्ज बँड आणि जो ब्राऊन हे ब्रिटिश गिर्यारोहक शिखरमाथ्याच्या काही फूट खाली थांबले. सिक्कीमच्या लोकांना तो पर्वत देवता आहे, म्हणून माथ्यावर पाय ठेवणार नाही असा शब्द मोहिमेच्या नेत्याने आधी दिला होता. ते दोघे बौद्ध झाले नव्हते, आणि त्यांना कोणी पाहतही नव्हतं. दिलेला शब्द पाळण्यासाठी शब्द घेणाऱ्याच्या देवावर विश्वास असावा लागत नाही. त्यांच्या चढाईची कीर्ती त्या काही फुटांनी उणावली, असं आजवर कोणत्याही गंभीर गिर्यारोहकाने म्हटलेलं मला ठाऊक नाही.

यावर मराठी विद्यार्थी एक रास्त गोष्ट सांगेल. आमच्याकडे देव माथ्यावर बसतो आणि चढणं हीच भक्ती असते. कळसूबाई १६४६ मीटरवर आहे, सप्तशृंगीला आणि जेजुरीला पायऱ्या आहेत, ब्रह्मगिरीवर माणसं गोदावरीच्या उगमासाठी चढतात. ज्या संस्कृतीत डोंगर चढणं हे देवाकडे जाणं आहे, तिथल्या मुलाने उलुरूवर नम्रतेने पाऊल टाकलं तर अवमान कसा होईल? हेतू शुद्ध असेल तर अवमान होत नाही हे मान्य. पण आदर नुसता हेतूत नसतो, तो समोरच्याला कळेल अशा रूपातही लागतो, आणि ते रूप ठिकाणागणिक वेगळं असतं. कळसूबाईच्या देवळात बूट घालून शिरणाऱ्या परदेशी पाहुण्याने आपल्याकडे बूट हा सभ्यपणा आहे असं सांगितलं, तर आपण त्याचा हेतू समजून घेऊ आणि तरी बूट काढायला लावू. आणि आपल्याही परंपरेत सगळेच पर्वत चढायचे नसतात. कैलासाची परिक्रमा होते. गोवर्धनाला भाविक फेरी घालतात, त्याच्यावर पाय देणं टाळतात. एखाद्या गोष्टीच्या आत न शिरता, तिच्यावर न चढता, तिच्याभोवती फिरून तिला जाणण्याची रीत आपल्या ओळखीची आहे. उलुरूभोवतीची वाट सुमारे दहा किलोमीटरची आहे. वाटेत काही भाग असे लागतात की तिथे छायाचित्र घेऊ नये अशी विनंती असते, कारण तिथल्या खुणा त्या जागीच पाहायच्या असतात आणि ठरावीक माणसांनीच वाचायच्या असतात.

‘निसर्ग सगळ्यांचा’ हा आणखी एक आक्षेप. उलुरू हा सुमारे ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या गाळाचा बनलेला, भूहालचालींनी जवळजवळ उभा झालेला खडक आहे. माणसाच्या कोणत्याही कथेपेक्षा तो जुना आहे, मग एका जमातीची कथा त्याच्यावर हक्क कसा सांगते? भूशास्त्र खरं आहे आणि त्याला कोणी नाकारत नाही. पण दगडाचं वय दगडाचा अर्थ ठरवत नाही. तसं असतं तर कुठलंही स्मारक नुसतं बांधकामच राहिलं असतं. विद्यार्थी ज्या ग्रेट ओशन रोडवर गाणी लावून गाडी हाकतात, तो रस्ताच एक स्मारक आहे. १९१९ ते १९३२ या काळात पहिल्या महायुद्धातून परतलेल्या सुमारे तीन हजार सैनिकांनी तो मेलेल्या साथीदारांच्या नावे खणला. २५ एप्रिलच्या पहाटे अँझॅक दिनाला ऑस्ट्रेलियन माणूस ज्या युद्धस्मारकापुढे मान खाली घालून उभा राहतो, तिथे तोही त्या स्मारकाच्या दगडाच्या रासायनिक घडणीचा विचार करत नाही. आधुनिक, निधर्मी म्हणवणाऱ्या समाजातही पवित्र असं काही असतंच. फरक एवढाच, की राज्यकर्त्यांचं पवित्र सगळ्यांना दिसतं आणि ज्यांची जमीन गेली त्यांचं दिसत नाही. ग्रेट ओशन रोडवरच्या समुद्रातल्या सुळक्यांचे फोटो काढून बहुतेक गाड्या परत फिरतात. तसंच पश्चिमेला पुढे गेलं तर बज बिमचा प्रदेश लागतो. तिथे गुंडिच्मारा लोकांनी ज्वालामुखीच्या लाव्ह्यात चर खोदून, दगडी बांध घालून वाम मासे वाढवण्याची आणि पकडण्याची व्यवस्था किमान ६६०० वर्षांपूर्वी उभारली. २०१९ मध्ये तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता मिळाली.

‘वसाहतीचं पाप गोऱ्यांचं, आम्ही तर स्वतःच वसाहतीत भरडलेले, मग आम्हाला ही बंधनं कशाला?’ असंही कोणी विचारतं. पाप वारशाने येत नाही हे मीही मानतो. पण गॉसबरोबर उलुरूवर चढलेला दुसरा माणूस युरोपियन नव्हता हे लक्षात ठेवायला हवं. अफगाणिस्तान, बलुचिस्तान, सिंध, पंजाब इथून नेलेल्या उंटवाल्यांनीच त्या वाळवंटात तारखात्याचं आणि वसाहतींचं सामान वाहिलं. त्यांच्याशी गोऱ्यांनी नीट वागणूक ठेवली नाही, आणि तरीही मूलनिवासींची जमीन व्यापण्याच्या कामात त्यांचे उंट होते. माणूस एका नात्यात पीडित आणि दुसऱ्या नात्यात लाभार्थी असू शकतो. आजच्या विद्यार्थ्याला व्हिसा देणारं राज्य, त्याला पदवी देणारं विद्यापीठ ज्या जागेवर आहे ती जागा, हे सगळं त्याच इतिहासातून आलेलं आहे. तिथल्या पदवीदान समारंभात या भूमीच्या मूळ धारकांचं स्मरण करणारं निवेदन होतं. ते ऐकून टाळी वाजवणाऱ्याला त्या वाक्याचा काही अर्थ लागत असेल, तर तो सुट्टीतल्या वागण्यात दिसायला हवा. आणि कायदा मोडला नाही एवढ्यावर समाधान मानता येत नाही. २४ मे २०२० रोजी रिओ टिंटो या खाण कंपनीने वेस्टर्न ऑस्ट्रेलियात जुकन घळीतले शैलाश्रय लोखंडाच्या खनिजासाठी सुरुंगाने उडवले. तिथे माणसाच्या वावराचे ४६,००० वर्षांपर्यंतचे पुरावे होते. त्यात केसांची एक वेणी मिळाली होती, सुमारे चार हजार वर्षांची, आणि तिचा जनुकीय धागा त्याच भागात आज राहणाऱ्या लोकांशी जुळला होता. ते सुरुंग कायदेशीर परवानगीने उडाले.

आता सर्वात जड आक्षेप, आणि तो आपल्या घरातला आहे. मराठी मनाची घडणच मुळी बंद दारं उघडण्यातून झाली. शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरांनी गीता मराठीत आणली, कारण संस्कृताच्या भिंतीआड राहिलेलं ज्ञान स्त्रीशूद्रांपर्यंत पोहोचत नव्हतं. फुले दांपत्याने शाळा काढल्या. २ मार्च १९३० रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली नाशिकच्या काळाराम मंदिरापुढे सत्याग्रह सुरू झाला. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजी पंढरपूरला उपोषणाला बसले. २०१६ मध्ये शनिशिंगणापूरच्या चौथऱ्यावर स्त्रिया चढल्या. या प्रत्येक वेळी समोरच्या बाजूचा युक्तिवाद एकच होता: हे पवित्र आहे, तुम्ही आत येऊ नका, परंपरेला मान द्या. आणि प्रत्येक वेळी आपण म्हटलं, की असलं पावित्र्य आम्ही मानत नाही. मग अनंगूंनी ‘इथे येऊ नका, हे पाहू नका, ही कथा तुम्हाला सांगायची नाही’ म्हटल्यावर आपण मान कशी तुकवायची? त्यांच्यातही काही जागा फक्त पुरुषांच्या आणि काही फक्त स्त्रियांच्या असतात, काही ज्ञान दीक्षा घेतलेल्यालाच मिळतं. घरी जो अधिकारभेद मोडायचा, तो परदेशात पूज्य कसा होतो? विद्यार्थ्याचा तर धर्मच विचारणं आणि जाणणं हा आहे. माहिती मिळवण्याआधीच थांबायला सांगणाऱ्या परंपरेशी त्याचं जमायचं कसं?

या आक्षेपाला शिष्टाईने बगल देता येत नाही. दोन बंधनांतला फरक दाखवता आला तरच माझं म्हणणं टिकेल, आणि मला तो फरक सत्तेच्या दिशेत दिसतो. ज्या शूद्राला वेद ऐकायची बंदी होती, त्याच्यावर त्याच वेदाच्या नावाने राज्य चालत होतं. त्याने कुठे राहायचं, काय खायचं, कोणाला शिवायचं हे ठरवणारा ग्रंथ त्याच्यापासून लपवला होता. काळारामाच्या दारातला माणूस त्याच रामाचा भक्त होता, त्याच गावात राबत होता, आणि त्याला अडवणारे त्याला अपवित्र ठरवत होते. ती बंदी त्याच्या माणूसपणावरचा निवाडा होती. उलुरूच्या पायथ्याशी उभ्या विद्यार्थ्यावर चुकुर्पाचं राज्य नाही. चढला नाही म्हणून त्याची रोजी जात नाही, त्याचं पाणी तुटत नाही. त्याला कोणी विटाळ मानत नाही. उलट त्याच्या जिवाची काळजी हे त्या विनंतीचं एक कारण आहे. तिथे दुबळा पक्ष विनंती करणाऱ्यांचा आहे. त्यांच्याकडून जमीन गेली, मुलं हिरावली गेली, आणि ज्ञानही गेलं. चार्ल्स माउंटफर्ड या अभ्यासकाला १९४० मध्ये वडीलधाऱ्यांनी विश्वासाने दाखवलेल्या आणि सांगितलेल्या गुप्त गोष्टी त्याने १९७६ मध्ये छापल्या. त्या पुस्तकात पुरुषांनीच पाहायच्या बाबी होत्या, त्या बायकामुलांच्या दृष्टीस पडल्या तर समाजाची घडी विस्कटेल, असं सांगत अनंगूंपैकीच असलेले पिचंचारा लोक न्यायालयात गेले आणि नॉर्दर्न टेरिटरीत त्या पुस्तकाच्या विक्रीला न्यायालयाने मनाई केली. विश्वासाने दिलेलं जपणं हा ज्ञानाचा अडथळा नव्हे. पुढच्या पिढीत कोणी अभ्यासकाला काही सांगावं की नाही, हे त्या विश्वासावरच अवलंबून असतं.

या उत्तरातूनच माझी अट निघते. बंधन मोडायला हवं की पाळायला हवं, हे ठरवण्याचा पहिला हक्क त्या बंधनाने ज्याचं आयुष्य आवळलं जातं त्याचा. काळारामाचं दार ज्यांच्यासाठी बंद होतं त्यांनीच ते ठोठावलं. बाहेरून आलेल्या प्रवाशाला कुतूहल वाटलं म्हणून तो लढा उभा राहिला नाही. तसंच उद्या एखादी अनंगू स्त्री म्हणाली, की परंपरेच्या नावाखाली माझा आवाज दाबला जातो, तर ज्ञानेश्वर-फुले-आंबेडकरांचं नाव घेणाऱ्याने तिच्या बाजूला उभं राहायला हवं, आणि तेव्हा परक्या संस्कृतीचा आदर ही सबब चालणार नाही. हे नुसतं कल्पनेतलं नाही. जमिनीच्या हक्कांच्या वाटाघाटींत आपलं ऐकलं जात नाही, म्हणून त्या वाळवंटातल्या स्त्रियांनी १९८० मध्ये स्वतःची परिषद स्थापन केली. त्या स्त्रियांनी आपल्या कायद्याचा त्याग केला नाही. स्त्रियांच्या जागा आणि स्त्रियांचे विधी पुरुषांपासून राखणं हा त्यांनी आपल्या बळाचाच भाग मानला. मंदिराच्या बाहेर ठेवली गेलेली स्त्री आणि स्वतःचं पवित्र क्षेत्र स्वतः राखणारी स्त्री, या दोघींना एकाच मापाने मोजणारा सुधारक घाई करतो.

ही अट लावली की सगळं सोपं होतं असं मात्र नाही. न्यू साउथ वेल्सच्या उत्तरेला वोलंबिन नावाचा सुमारे साडेअकराशे मीटरचा डोंगर आहे, सूर्योदयासाठी विद्यार्थ्यांचा आणि भटक्यांचा आवडता. तो २०२० पासून चढाईला बंद आहे, आणि २०२२ च्या आराखड्याने तो कायमचा बंद ठेवावा असं सुचवलं, ते पुरुषांचं पवित्र स्थान आहे म्हणून. पण त्याच भागातल्या काही मूलनिवासी स्त्रियांनी जाहीरपणे आक्षेप घेतला, की या डोंगराशी आमचंही नातं आहे आणि आमच्या वाडवडिलांनी त्याची अशी ओळख सांगितलेली नाही. इथे ‘त्या लोकांचं म्हणणं पाळा’ हे सूत्र अपुरं पडतं, कारण ते लोक एका आवाजात बोलत नाहीत. कोणताच समाज बोलत नाही. काळाराम सत्याग्रहाच्या बाजूने आणि विरुद्ध बोलणाऱ्यांत दोन्हीकडे नाशिककर होते. तेव्हा वोलंबिनच्या पायथ्याशी आलेल्या विद्यार्थ्याने काय करावं? चढू नये, असंच मी म्हणेन, कारण वाद त्या घराचा आहे आणि तो मिटेपर्यंत पाहुण्याने वर जाऊन एका बाजूचा निकाल लावायचा नसतो. पण त्याने गप्पही बसू नये. त्या स्त्रियांचं म्हणणं मिळवून वाचावं, बंदीच्या बाजूने बोलणाऱ्या वडीलधाऱ्यांचंही वाचावं, दोन्हींत कोणाला कोणाकडून काय नाकारलं जातंय ते तपासावं, आणि जिचं दार खरोखर बंद झालंय तिचं म्हणणं परतल्यावर आपल्या वर्गात, आपल्या भाषेत मांडावं. सूर्योदय दिसणारे दुसरे डोंगर त्या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत.